गिरणीच्या शेडमधलं वर्कशॉप: थ्री फेजच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

आज शेडचं कुलूप काढलं. आबांनी २०१७ मध्ये गिरणी बंद केली. त्यानंतर ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ असे दोन पूर आले आणि दोन्ही वेळा पंचगंगेचं पाणी शेडात शिरलं. २०१९ ची रेघ भिंतीवर अजून दिसते, जमिनीपासून साडेचार फुटांवर. रेघेखाली मातकट, वर पिठाचा पांढुरका थर. जातं आणि साडेसात एच.पी.ची मोटर आबांनीच विकली होती. मागे राहिला तो मिरची कांडपाचा डंक, त्याची तीन एच.पी.ची मोटर, एकापुढे एक लावलेले दोन लोखंडी मेन स्विच आणि थ्री फेजचं, म्हणजे तीन जिवंत तारांतून येणाऱ्या विजेचं मीटर. कनेक्शन चालू आहे, बिल कधी थकलेलं नाही.

इथं राजकोटचा सहा फुटी लेथ (धातू फिरवून कातायचं यंत्र), एक पिलर ड्रिल आणि एक बेंच ग्राइंडर बसवायचा आहे. मी शिरोली एमआयडीसीत वीस वर्षं टर्नर आहे. लेथची भीती नाही, विजेची आहे, आणि ती असलेली बरी. कारखान्यात पॅनेलला इलेक्ट्रिशियनशिवाय कुणी हात लावत नाही. तिथं कुलूप असतं, परमिट असतं, शिफ्टला सुपरवायझर असतो. घरच्या शेडात यातलं काहीच नसतं. उलट आई दारात धान्य निवडत बसते आणि सातवीतली मुलगी सुट्टीच्या दिवशी इथंच खेळते. म्हणून ठरवलंय की मशीन शेवटी आणायचं, वीज आधी नीट करायची. मामांना बोलावलंय. ते परवानाधारक वायरमन, चाळीस वर्षं हेच काम केलेले.

गावात थ्री फेजला सरसकट हाय व्होल्टेज म्हणतात. १९५६ च्या जुन्या वीज नियमांत २५० व्होल्टपर्यंत लो, २५० ते ६५० मीडियम आणि त्यावर हाय अशी विभागणी होती, म्हणजे आपलं ४१५ कागदावर मीडियममध्ये बसायचं. शरीराला मात्र कागदाशी घेणं नसतं. एका फेजपासून जमिनीपर्यंत २४० व्होल्ट, फेज ते फेज ४१५. घामेजलेल्या माणसाचा रोध हजार ओहम धरला तर एका फेजला हात लागल्यावर अंगातून २४० मिलिअँपिअर जातात, दोन फेजच्या मध्ये सापडल्यावर ४१५. मूठ आखडून तार सुटेनाशी व्हायला दहाच्या आसपास पुरतात. तीसच्या पुढचा करंट टिकून राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते.

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार

आजची नोंद सविस्तर लिहितोय. पुढचं सगळं काम तिच्यावरच उभं राहणार आहे.

डंकाची मोटर काढायची होती. या मोटरला स्टार्टर नाही. पूर्वी होता, तो जळाला आणि मग मोटर थेट दुसऱ्या मेन स्विचवरच चालू-बंद व्हायची. मी त्या स्विचचा दांडा खाली ओढला. खटका नेहमीसारखा वाजला. मोटरच्या टर्मिनल बॉक्सचं झाकण काढलं. आत तीन पितळी स्टड, त्यांच्यावर पीठ आणि तिखट मिळून झालेला घट्ट तांबूस थर. इतक्या वर्षांनीसुद्धा ठसका लागला. व्होल्टेज मोजायचा मीटर लावला. पहिल्या-दुसऱ्या स्टडमध्ये शून्य, दुसऱ्या-तिसऱ्यात शून्य, तिसऱ्या-पहिल्यात शून्य. पाना हातात घेतला.

मामा दारातूनच ओरडले, "थांब! जमिनीला धरून बघितलंस काय?"

"मामा, तिन्ही शून्य आहेत."

"आपापसात शून्य हाईत. जमिनीला बघ की लेका."

शेडाबाहेर ओल्या मातीत ठोकलेल्या पहारीला एक वायर बांधली आणि मीटरची काळी प्रोब तिला जोडली. लाल प्रोब पहिल्या स्टडला: २३८. दुसऱ्या: २३८. तिसऱ्या: २३८.

पाना खाली ठेवला. थोडा वेळ हातात काही धरवेना.

मामांनी मागच्या, म्हणजे मीटरकडच्या मेन स्विचचे फ्यूज काढले, पुन्हा तपासलं आणि मगच डंकाचा स्विच उघडला. आत तीन पाती एका आडव्या इन्सुलेटेड दांडीवर बसवलेली असतात. दांडा ओढला की दांडी फिरते आणि तिन्ही पाती एकदम बाहेर येतात. इथं दांडी एका टोकाला कुजून फुटली होती. दोन पाती बाहेर आली, तिसरं निळ्या फेजचं पातं जबड्यात तसंच घट्ट बसून राहिलं. हा स्विच २०१९ ला पाण्याखाली होता. आबांनी तो उन्हात वाळवून परत लावला होता. गावात त्या महिन्यात सगळ्यांनीच तसं केलं, दुसरं काही मिळत नव्हतं.

एकच फेज मोटरपर्यंत आला होता. पण मोटरच्या आत तिन्ही वायंडिंग एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे तो फेज वायंडिंगमधून फिरून उरलेल्या दोन स्टडवरही आला. तिन्ही स्टड एकाच पातळीवर, म्हणून आपापसातला फरक शून्य. वाहायला वाट नाही, म्हणून मोटर गुणगुणतसुद्धा नाही. दांडा खाली, मोटर गप्प, मीटर शून्य, आणि तरीही स्टडला बोट लावलं असतं तर जमिनीपर्यंत २३८ व्होल्टची वाट मी स्वतः झालो असतो.

मामांनी पाटीवर खडूनं मांडून दिलं. थ्री फेज बंद आहे म्हणायला दहा मोजण्या लागतात. फेज-फेज तीन, फेज-न्यूट्रल (परतीची तार) तीन, फेज-अर्थ (जमिनीची तार) तीन आणि न्यूट्रल-अर्थ एक. त्याआधी मीटर चालू पॉइंटवर लावून तो खरं दाखवतोय का ते पाहायचं आणि दहा झाल्यावर पुन्हा त्याच पॉइंटवर पाहायचं, कारण मधल्या वेळात मीटरचा फ्यूज गेला किंवा प्रोबची वायर आतून तुटली तर सगळीकडे शून्यच दिसणार. मी फक्त पहिल्या तीन केल्या होत्या.

मुलीनं वहीत दहा रकाने आखले. यापुढं झाकण उघडायच्या आधी ते भरायचे.

२५ फेब्रुवारी २०२४, रविवार

अर्थिंग.

परवाची हकिगत रात्री आईला सांगितली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "डंक चावायचाच की. म्हणून तर पाटावर उभी राहायचे."

बारा वर्षं. मिरचीच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, सकाळी आठपासून रात्रीपर्यंत ती त्या डंकापुढे उभी असायची. लोखंडाला हात टेकला की झिणझिण्या यायच्या, पावसाळ्यात जास्त. कुणीतरी सांगितलं लाकडावर उभं राहा. तेव्हापासून देवघरातला जुना पाट तिच्या पायाखाली. बायका मिरच्या घेऊन यायच्या, त्यांनाही ती सांगायची, मशीनला हात लावू नका गं, चावतंय. मला हे माहीत होतं. लहानपणी मला ते मशीनचा स्वभाव असल्यासारखं वाटायचं. आज वाटतं की त्या बारा वर्षांत कुठल्याही एका दिवशी पाट ओला असता तर...

मामा म्हणाले, चावणं म्हणजे मशीन सांगत असतं की माझ्या अंगात फेज उतरलाय आणि मला जमिनीत जायला वाट नाही. ती वाट शोधली. डंकाच्या अंगाला बांधलेली जीआय तार भिंतीतून बाहेर येऊन नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळलेली होती. पूर्वी सगळे असंच करायचे. पण नळाची लाइन बदलून प्लॅस्टिकची झाली तेव्हा आमच्या अंगणात लोखंडी पाइपचा जेमतेम दोन हातांचा तुकडा उरला, दोन्ही टोकांना प्लॅस्टिक. तार जागेवर, गाठ घट्ट. अर्थिंग मात्र त्या दिवशीच संपलं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

अर्थ टेस्टरनं मोजलं: ६२ ओहम. फेज मशीनच्या अंगाला लागला तर २४० भागिले ६२, चार अँपिअरसुद्धा नाहीत. सोळा अँपिअरचा फ्यूज तेवढ्यानं कोमटही होणार नाही. मशीन तसंच भारलेलं उभं राहणार, कुणाचा तरी हात लागेपर्यंत.

३ मार्च २०२४, रविवार

दोन खड्डे घेतले, एकमेकांपासून सोळा फुटांवर. प्रत्येकात अडीच मीटरचा, ४० मिलिमीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं आणि सिमेंटचं झाकण. २५० व्होल्टच्या वरच्या मशीनच्या अंगाला दोन स्वतंत्र अर्थ जोडायचे हा नियम जुना आहे. एक सुटला तर दुसरा हवा. दोन्ही मिळून तीन ओहमच्या थोडं खाली आलं. नदीकाठची काळी माती, ओल धरून ठेवते.

मला वाटलं, झालं काम. मामांनी हिशेब करायला लावला. २४० भागिले ३ म्हणजे ८० अँपिअर. सोळा अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) झटक्यात पडायला त्याच्या पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. आपण काठावर. उन्हाळ्यात माती सुकली, ओहम वाढले, की एमसीबी पडायला कित्येक सेकंद घेणार. म्हणून अर्थिंग चांगलं असलं तरी आरसीसीबी हवाच. तो एकूण करंट किती हे बघत नाही, गेलेला आणि परत आलेला यांतला फरक बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तोडतो.

१० मार्च २०२४, रविवार

जुना बोर्ड उतरवताना न्यूट्रललाही किटकॅट फ्यूज सापडला. मामा हे बघून खरोखर चिडले. "फेजचा फ्यूज गेला तर अंधार पडतो. न्यूट्रलचा गेला तर आग लागती."

का, ते कागदावर करून बघितलं. समजा एका (आर) फेजवर १०० वॅटचा बल्ब, दुसऱ्या (वाय) फेजवर १००० वॅटचा हीटर, आणि न्यूट्रल तुटला. आता दोघं एकामागे एक जोडल्यासारखे ४१५ व्होल्टवर येतात. बल्बचा रोध ५७६ ओहम, हीटरचा ५७.६. व्होल्टेज रोधाच्या प्रमाणात वाटलं जातं, म्हणजे बल्बवर ३७७ व्होल्ट आणि हीटरवर ३८. गावात एखाद्या रात्री एका गल्लीतले टीव्ही, फ्रिज एकदम जळतात त्यामागे पुष्कळदा हेच असतं. शिवाय उपकरण बंद पडलं तरी तुटलेल्या न्यूट्रलच्या त्या टोकावर लोडमधून फेज आलेला असतो, आणि काळी वायर आहे म्हणून माणूस बिनधास्त हात घालतो.

नवीन बोर्डात न्यूट्रलला अखंड पितळी लिंक. तिचे स्क्रू मी स्वतः पिळले, मग मामांनी परत पिळले. बाकावरचे दिवे आणि सॉकेट सगळे एकाच फेजवर ठेवले. दोन फेजचे सॉकेट हाताच्या अंतरावर असले की दोन्ही हातांत दोन हत्यारं धरलेल्या माणसाच्या छातीपलीकडे ४१५ व्होल्ट उभे राहू शकतात.

१७ मार्च २०२४, रविवार

पॅनेल बसलं. तळ जमिनीपासून साडेपाच फुटांवर, म्हणजे २०१९ च्या रेघेच्या एक फूट वर. दांडा माझ्या हाताला येतो, मुलीच्या येत नाही.

आत क्रमानं: चार पोलचा, म्हणजे तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा आयसोलेटर, त्याला कुलूप घालायची सोय, चार पोलचा ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, प्रत्येक मशीनला वेगळा तीन पोलचा एमसीबी, एक सिंगल फेज प्रिव्हेंटर, जो फेज गेला किंवा फेजचा क्रम उलटला की तोडतो. मशीनला डीओएल (मोटर थेट लाइनवर जोडणारा) स्टार्टर, त्यातला ओव्हरलोड रिले (भार जास्त झाला की मोटर तोडणारा) लेथच्या मोटरच्या पाटीवरच्या ३.५ अँपिअरवर लावला. स्टार्टरमुळे आणखी एक गोष्ट साधते. वीज जाऊन परत आली तर मशीन आपोआप सुरू होत नाही, कॉइल सुटलेली असते. डंक थेट मेन स्विचवर होता तेव्हा वीज आली की तो एकदम धाडधाड सुरू व्हायचा आणि आई मागे सरकायची, ते आठवलं.

एमसीबी शॉर्टचा १० किलोअँपिअरपर्यंतचा करंट तोडू शकणारेच घेतले. आमच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर १०० केव्हीएचा आहे. त्याच्या अगदी टर्मिनलवर शॉर्ट झाला तर अंदाजे तीन हजार अँपिअर वाहतील. केबलच्या लांबीमुळे आमच्यापर्यंत कमी येतील, पण शेजारच्या गल्लीत ट्रान्सफॉर्मर मोठा बसला तर हा आकडा वाढेल. मीटरही बदलला. माझा जुना दोनशे रुपयांचा होता. ४१५ व्होल्टवर चुकून अँपिअरच्या खाचेत प्रोब राहिली तर असा मीटर हातात फुटतो. आता ६०० व्होल्ट कॅट थ्रीचा, म्हणजे अशा पॅनेलवर वापरायच्या सुरक्षा दर्जाचा घेतलाय, आत योग्य फ्यूज असलेला.

लाल मशरूम बटण दोन ठिकाणी, लेथजवळ आणि दाराबाहेर. दाराबाहेरचं आईसाठी. तिला दाखवून ठेवलं: मी मशीनला चिकटलोय असं दिसलं तर मला ओढायचं नाही, आधी हे दाबायचं, मग हाक मारायची. तिनं दोनदा दाबून पाहिलं.

२४ मार्च २०२४, रविवार

एका मित्रानं वापरलेली व्हीएफडी दिली, लेथचा वेग कमी-जास्त करायला. जोडण्याआधी मामांनी ती नुसती बाकावर चालवली आणि डीसी बसच्या (आतल्या कॅपॅसिटरवरच्या डीसी विजेच्या) टर्मिनलला मीटर लावला. ४१५ चं शिखर ५८७ असतं, आज लाइन थोडी कमी होती म्हणून ५७९ दिसले. मग आयसोलेटर पाडला आणि मुलीला घड्याळ धरायला सांगितलं.

साधारण चाळीस सेकंदांनी व्हीएफडीची स्क्रीन काळी पडली. पंखा थांबला, कसलाही आवाज नाही. मीटर तेव्हा २९७ दाखवत होता. एक मिनिटाला २१२. दोन मिनिटांना ७९. तीनला ३०. पाचला ४.

मेलेल्या दिसणाऱ्या त्या डब्यावर २९७ हा आकडा बघताना मुलगी म्हणाली, "बाबा, मग हे बंद कुठंय?" कॅपॅसिटर भरलेले असतात, त्यांना रिकामं व्हायला वेळ लागतो. डब्यावर किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं. आत रिकामं करणारा रोध जळालेला असेल तर तेवढंही पुरत नाही, म्हणून मिनिटं मोजायची आणि तरी मीटर लावायचाच.

व्हीएफडी परत केली. कारण मुख्यतः दुसरं आहे. थ्री फेज व्हीएफडीच्या पुढं अर्थ फॉल्ट झाला तर गुळगुळीत डीसी करंट गळू शकतो, आणि तो आमच्या साध्या आरसीसीबीला दिसत नाही. उलट तो करंट आरसीसीबीचा गाभा भारून टाकतो आणि मग खरा फॉल्टही त्याला जाणवत नाही. त्यासाठी बी टाइपचा आरसीसीबी लागतो, तो बराच महाग. लेथला गिअर आहेत. वेग मला गिअरनं बदलता येतो.

९ एप्रिल २०२४, मंगळवार, पाडवा

लेथ आला. क्रेनवाल्यानं तासाभरात बसवला. पूजा केली, वीज अजून दिली नाही.

१४ एप्रिल २०२४, रविवार

मोटर जोडली. दोन एच.पी., आतून स्टार जोडणी, बाहेर तीनच टोकं. पहिल्यांदा फिरवताना चक (काम पकडणारा जबडा) काढून ठेवला. थ्री फेजमध्ये कुठल्याही दोन वायरी अदलाबदल झाल्या की मोटर उलटी फिरते, आणि या जुन्या लेथचा चक स्पिंडलच्या आट्यांवर चढवलेला आहे. उलट्या दिशेनं झटक्यानं फिरायला लागला तर तो सुटून येतो. सात-आठ इंची ओतीव लोखंड फिरत अंगावर येणं मी कारखान्यात एकदा पाहिलंय. माणूस वाचला, गुडघा नाही.

मोटर उलटीच फिरली. आयसोलेटर पाडला, कुलूप घातलं, किल्ली खिशात, दहा मोजण्या वहीत, मग दोन वायरी बदलल्या. आता सुलट. प्रिव्हेंटरही याच क्रमाला बांधून घेतला.

लेथच्या बेडवर एक प्रोब, अर्थच्या पट्टीवर दुसरी, मोटर चालू असताना: ०.२ व्होल्ट.

५ मे २०२४, रविवार

काल संध्याकाळी वळीव झाला, गाराही पडल्या, लाइनवर फांदी पडून वीज गेली ती रात्री आली. सकाळी स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं तर काही होईना. प्रिव्हेंटरचा लाल दिवा लागलेला. तिन्ही फेज हजर, व्होल्टेज ठीक. मामांना फोन केला. म्हणाले क्रम बघ. क्रम उलटला होता. तुटलेली लाइन अंधारात, पावसात जोडताना दोन तारांची जागा बदलली. दिव्याला, पंख्याला त्याचा काही फरक पडत नाही, म्हणून गावात कुणाला कळलंही नाही. वीज कंपनीत कळवलं. दरम्यान आमचा चक स्पिंडलवरच होता.

प्रिव्हेंटर घेताना दुकानदारानं विचारलं होतं, दोन एच.पी.ला कशाला हे. त्याला जाऊन सांगणार आहे.

९ जून २०२४, रविवार

महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायचं, आज दाबलं, पडला. तारीख आतल्या बाजूला पेन्सिलनं.

भाचा आला होता, तो म्हणाला आरसीसीबी आहे म्हटल्यावर शॉक लागूच शकत नाही. त्याला समजावलं ते इथंही लिहितो, कारण पुष्कळांची हीच समजूत आहे. रबरी मॅटवर उभं राहून एका हातात एक फेज आणि दुसऱ्या हातात दुसरा फेज आला, तर गेलेला करंट आणि आलेला करंट सारखाच असतो. आरसीसीबीच्या दृष्टीनं तो माणूस म्हणजे एक लोड. तो पडणार नाही. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये सापडलो तरी तेच. जमिनीकडे गळणाऱ्या विजेपासून तो वाचवतो. उघड्या पॅनेलमध्ये घातलेल्या दोन हातांना वाचवणारी गोष्ट म्हणजे पाडलेला, कुलूपबंद आयसोलेटर आणि वहीतले दहा रकाने.

२४ जुलै २०२४, बुधवार

राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीच्या वर गेलंय. ४३ ला धोका. गावात सामान हलवायला सुरुवात झाली. शेडाचा आयसोलेटर पाडला, कुलूप घातलं, दहा मोजण्या, लेथच्या मोटरचं बोल्टिंग सोडून ती माळ्यावर चढवली. स्टार्टर काढून घरात आणला.

एक गोष्ट आजच घरोघरी सांगत फिरलो. लाइन गेली की काहीजण पोर्टेबल जनरेटरची दोन्हीकडे पिन असलेली वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसतात. मेन स्विच पाडला नाही, किंवा आमच्या डंकाच्या स्विचसारखं त्याचं एक पातं आतच राहिलं, तर जनरेटरचे २४० व्होल्ट उलटे लाइनवर जातात. ट्रान्सफॉर्मर ११,००० चे ४३३ करतो, तसाच उलट्या दिशेनं खालचं व्होल्टेज वर चढवतो. खांबावर चढलेला लाइनमन समजतो लाइन बंद आहे. पुरात तीच माणसं छातीभर पाण्यातून येऊन आपली वीज जोडतात. दोन घरांत अशा वायरी होत्या. दोघांनीही माझ्यासमोर कापल्या. तिसऱ्या घरी ऐकून घेतलं, कापली नाही. उद्या परत जाणार.

४ ऑगस्ट २०२४, रविवार

शेडात पाणी आलं नाही, पण भिंती घोट्यापर्यंत ओल्या. तिसऱ्या घरची वायरही कापली गेली.

इन्सुलेशन मोजायचा मेगर लावला, ५०० व्होल्टचा. मोटर माळ्यावर होती तरी हवेतल्या दमटपणानं वायंडिंग ते अंग फक्त ०.८ मेगओहम. किमान एक हवा. टर्मिनल बॉक्स उघडा ठेवून शेजारी दोनशे वॅटचा बल्ब लावून दोन दिवस वाळवली. आज १४ मेगओहम. केबल ठीक. अर्थ दोन ओहमच्या आसपास, पावसाची ओल आहे. खरी परीक्षा एप्रिलमध्ये, तेव्हा परत मोजायचं.

दुपारी लेथ सुरू केला. आई दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग आत आली, चप्पल बाहेर काढून, आणि थोडं थांबून बेडवर तळवा टेकला. मी काही बोललो नाही. तिनं हात तसाच ठेवला, मग दुसराही ठेवला.

"गार आहे," म्हणाली.

पाट तिनं स्वतःच उचलून घरात नेला. लेथपुढं रबरी मॅट टाकलीय, ती तिथंच राहील. ग्राइंडरचा एमसीबी अजून जोडायचाय. दुसऱ्या खड्ड्याच्या झाकणाला तडा गेलाय, तो पुढच्या रविवारी.